कॅट-८ मागू नका, तांबं मागा: घरासाठी आणि वस्तीसाठी नेटची केबल



मागच्या व्हिडिओत राउटर घरात कुठे ठेवायचा ते पाहिलं. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते केबलचे. कॅट-५ई घ्यायची की कॅट-६? कॅट-८ लावली तर स्पीड वाढेल का? घरापासून गोठ्यापर्यंत केबल नेता येईल का? दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे बसत नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय. घरात केबल टाकून घेणाऱ्यासाठी आहे, आणि माझ्यासारखं दुकान टाकून बसलेल्यासाठी तर जास्तच आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. केबल म्हणजे नक्की काय, हे मला बीबीएच्या वर्गात कोणी शिकवलं नाही, राहुरी तालुक्यातल्या एका गोठ्यात शिकायला मिळालं.

दुकान सुरू करून दोनेक वर्षं झाली होती. एक तात्या आले. मुळा कालव्याचं पाणी, चारी बाजूंनी ऊस, मधोमध वस्ती. आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तात्यांचा गोठा घरापासून ७० मीटरवर. दोन गाई, तीन कालवडी, सहा-सात शेळ्या. आदल्याच महिन्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उचलून नेलं होतं. तात्यांची मागणी साधी होती: रात्री गाय हंबरली, तर दार उघडायच्या आधी मोबाईलवर बघता आलं पाहिजे की बाहेर काय उभं आहे.

कॅमेरा आयपी, म्हणजे नेटच्या केबलवर चालणारा. मी कोटेशन दिलं. तात्यांनी दुसरीकडचंही आणलं होतं, ते माझ्यापेक्षा कमी होतं. गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. मग कमी कुठे करायचं? कॅमेऱ्यावर नाव असतं, तो गिऱ्हाईक नेटवर शोधतो. केबल कोण बघतं? मी केबल बदलली. वरती ठसठशीत ‘कॅट-६’ छापलेलं, पण आतमध्ये सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. मला मीटरमागे बारा रुपये स्वस्त पडली, ७० मीटरला ८४० रुपये वाचले. शिवाय पीओई स्विच काढून टाकला आणि त्याऐवजी १२ व्होल्टचा अडॅप्टर व साधी स्प्लिटरची जोडी दिली. त्या जोडीत काय करतात, तर केबलच्या ज्या चार तारा रिकाम्या राहतात त्यांतून कॅमेऱ्याला वीज सोडतात.

दुपारी बसवलं. चित्र एकदम स्वच्छ. गोठ्यातल्या कालवडीच्या कानातला बिल्ला वाचता येत होता. चहा झाला, पैसे घेतले, निघालो.

संध्याकाळी साडेसातला फोन. "ओ शेठ, तुमचा कॅमेरा दिवसा बघतो अन् रात्री झोपतो. बिबट्या काय दिवसाढवळ्या येतो का?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर कॅमेरा चालू. अडॅप्टर बदलला. रात्री पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी दोन्ही टोकांच्या क्लिपा नव्याने क्रिम्प केल्या. रात्री बंद. मग कॅमेराच बदलला, कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रात्री बंद. आणि पाचव्या दिवशी सकाळी तात्यांनी फोटो पाठवला. गोठ्याच्या दारासमोर ओल्या मातीत पंजाचे ठसे. रेकॉर्डिंग पाहिलं, तर संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनंतर नुसता काळा पडदा. दार लोखंडी होतं, जनावरं वाचली. पण पहाटे तात्यांच्या सूनबाई धार काढायला त्याच दारातून गेल्या होत्या, मोबाईलवर काही दिसत नव्हतं म्हणून तशाच. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी आमच्या जुन्या वायरमनला सोबत घेऊन गेलो. त्याने कॅमेऱ्याकडच्या टोकाला मल्टिमीटर लावला आणि अंधार पडायची वाट बघत बसला. उजेड होता तोपर्यंत काटा दहाच्या थोडा वर. अंधार पडला, कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले, आणि आकडा साडेसातवर आपटला. कॅमेरा बंद. बंद झाला की व्होल्टेज पुन्हा वर, कॅमेरा पुन्हा चालू, दिवे लागले की पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ.

हिशोब बघा

अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार (२४ गेज म्हणतात ती) १०० मीटरला साधारण ८.४ ओहम रोध दाखवते. तेवढ्याच जाडीची सीसीए तार दाखवते साधारण १३, म्हणजे दीडपट. ७० मीटरला तांबं ५.९ ओहम, सीसीए ९ ओहम. स्प्लिटरमध्ये दोन तारा जाताना आणि दोन तारा येताना जोडीने वापरतात, त्यामुळे जाऊन-येऊन एकूण रोध एका तारेएवढाच पडतो: ५.९ किंवा ९.

आता दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो. सीसीएमध्ये ९ गुणिले ०.२, म्हणजे १.८ व्होल्ट वाटेतच खर्च. १२ मधून गेले १.८, उरले १०.२. कॅमेरा चालतो. रात्री अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की तोच कॅमेरा ०.५ अँपिअर ओढतो. ९ गुणिले ०.५, साडेचार व्होल्ट वाटेत. उरले साडेसात. बारा व्होल्टचा कॅमेरा साडेसातवर कसा चालेल?

ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल. लॅटरल लांब आणि बारीक असली की पहिल्या झाडाला पाणी भरपूर, शेवटच्या झाडाला थेंब. टाकीत पाणी कमी नसतं, वाटेत दाब मरतो.

आता इथे एक प्रामाणिकपणा. मी नुसतं तांबं टाकलं असतं तरी काम पूर्ण झालं नसतं. तांब्यात रात्री ३ व्होल्ट पडले असते, उरले असते ९, कॅमेरा कसाबसा रेटला असता आणि हिवाळ्यात कधीतरी बंद पडला असता. चुका दोन होत्या, खोटी केबल आणि १२ व्होल्ट. खऱ्या पीओई स्विचमधून ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते. तेवढेच सहा वॅट ४८ व्होल्टवर नेले तर करंट फक्त ०.१३ अँपिअरच्या आसपास लागतो. तांब्यात वाटेत पाऊण व्होल्ट जातो. ४८ मधून पाऊण व्होल्ट गेला काय आणि राहिला काय.

शेवटी मी ७० मीटर तांब्याची बाहेरची केबल, पीओई स्विच, दोन दिवसांची मजुरी आणि नगर-राहुरीच्या सहा फेऱ्या, सगळं पदरचं घातलं. ८४० रुपये वाचवायला. बीबीएच्या पेपरात मी ‘टोटल कॉस्ट’वर दहापैकी आठ मार्क घेतले होते.

मग ते कॅटचे आकडे कशासाठी?

कॅट म्हणजे कॅटेगरी. केबल किती वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत सिग्नल स्वच्छ नेते, त्याची पायरी. कॅट-५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट-६ २५० पर्यंत, कॅट-६ए ५०० पर्यंत. केबलच्या आत आठ तारा असतात, चार जोड्यांमध्ये पिळलेल्या. हा पीळच सगळं काम करतो. बाहेरचा गोंगाट आणि शेजारच्या जोडीचा आवाज तो मारतो. वरच्या कॅटमध्ये पीळ जास्त घट्ट, आणि कॅट-६ मध्ये बहुतेक वेळा मधोमध प्लॅस्टिकचा अधिकचिन्हासारखा पडदा असतो.

तुमच्या घराच्या भाषेत सांगायचं तर असं. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. गिगाबिटचं हे मानक १९९९ सालचं आहे, म्हणजे नवीन काही नाही. आपल्याकडे घरोघरी प्लॅन आहेत ५०, १००, फार तर २००-३०० एमबीपीएसचे. म्हणजे घरात आधीच खरी तांब्याची कॅट-५ई टाकलेली असेल आणि ती धड असेल, तर ती उपटून कॅट-६ टाकण्यात काही अर्थ नाही. २०१६ पासून तर कॅट-५ई वर २.५ जीबीपीएसचं मानकही आलेलं आहे. नव्या महागड्या राउटरवर जो २.५ जीचा पोर्ट दिसतो, तोही हिच्यावर चालतो.

नवीन घर बांधताय, भिंतीत पाइप टाकताय, तर मात्र कॅट-६ टाका. फरक थोडाच पडतो आणि भिंत पुन्हा फोडायची नसते. घराच्या अंतरात, ५५ मीटरच्या आत, चांगली कॅट-६ १० जीबीपीएससुद्धा नेऊ शकते. कॅट-६ए घरासाठी मी सहसा सुचवत नाही. जाड, ताठ, पाऊण इंची पाइपात दोन केबल ओढताना मिस्त्री रडतो. १०० मीटर १० जीबीपीएस ज्याला खरंच लागतं, त्याने घ्यावी. आपल्याकडे तसं घर मला अजून भेटलेलं नाही.

कॅट-७ चं प्रकरण गमतीचं आहे. केबलची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या टीआयए या संस्थेने कॅट-७ ला कधी मान्यताच दिली नाही. ज्या मानकात ती आहे, तिथे तिची क्लिप आपल्या नेहमीच्या आरजे-४५ पेक्षा वेगळी अपेक्षित आहे. म्हणजे साधी क्लिप लावून ‘कॅट-७’ म्हणून जी विकली जाते, ती नावाचीच कॅट-७. आणि कॅट-८? ती डेटा सेंटरसाठी आहे, एका रॅकमधून शेजारच्या रॅकमध्ये, जास्तीत जास्त ३० मीटर. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला कॅट-८ लावणं म्हणजे पाऊण इंची नळाला सहा इंची पाइप जोडणं. पाणी नळाएवढंच येणार.

एवढं सांगूनही पोरं म्हणतात, दादा, मित्राने कॅट-८ लावली आणि गेमचा पिंग कमी झाला. झाला असेल. मित्र आधी वायफायवर होता, आता केबलवर आला. तीस रुपयांच्या पॅच कॉर्डनेही तेवढाच कमी झाला असता. ऑनलाइन मिळणाऱ्या त्या चपट्या सुंदर केबल टीव्हीमागे दोन मीटरसाठी ठीक आहेत. आतल्या तारा केसाएवढ्या असतात. त्यांच्यावर पीओई कॅमेरा चालवू नका आणि त्या भिंतीत तर अजिबात गाडू नका.

तांबं ओळखायचं कसं

खोक्यावर बघा. ‘सीसीए’ असं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. काही लिहिलंच नसेल तर संशय घ्या. टीआयएच्या मानकाप्रमाणे या केबलची तार तांब्याचीच हवी, म्हणून सीसीएला कॅट-५ई किंवा कॅट-६ म्हणणंच मुळात नियमात बसत नाही. तरी छापतात.

ब्लेडने तार खरवडा. तांबं आतपर्यंत लाल. सीसीए दोन घासांत पांढरी पडते. उलटंही लक्षात ठेवा: काही चांगल्या तारांवर कथलाचा मुलामा असतो, त्या वरून पांढऱ्या आणि आतून लाल. म्हणून वरचा रंग बघून निकाल देऊ नका, खरवडूनच बघा. मग तीच तार एका जागी दहा-बारा वेळा पुढे-मागे वाकवा. सीसीए लवकर तुटते. चुंबकही फिरवा. चिकटली तर आत लोखंड आहे, म्हणजे सीसीएपेक्षाही वाईट.

पूर्ण खोकं घेत असाल तर माझी आवडती पद्धत वजनकाट्याची. ३०५ मीटरचं खोकं (मूळ हिशोब १००० फुटांचा, म्हणून हा विचित्र आकडा). कॅट-६ ची तार २३ गेजची, ०.५७ मिलिमीटर जाड. आठ तारा गुणिले ३०५ मीटर, म्हणजे २४४० मीटर तार. तिच्या तांब्याचंच वजन साडेपाच किलोच्या वर भरतं. त्यावर आठ तारांचं प्लॅस्टिक, मधला पडदा, बाहेरचं आवरण आणि पुठ्ठा. आता ‘कॅट-६, ३०५ मीटर’ लिहिलेलं अख्खं खोकं सहा किलोचं भरत असेल, तर एकतर तांबं नाही, नाहीतर मीटर नाहीत. आमच्या एका मालवाहू टेम्पोवाल्याला आता खोकं नुसतं उचलून कळतं. हलकं असलं की म्हणतो, "शेठ, हे परत पाठवायचंय ना?"

घराच्या आत

राउटर एका ठिकाणी, टीव्ही दुसऱ्या, मुलाचा अभ्यासाचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर. जे जागचं हलत नाही, त्याला केबल द्या. टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्याचा एनव्हीआर, वरच्या मजल्यावरचा दुसरा वायफाय. मोबाईल आणि लॅपटॉप वायफायवर राहू द्या, त्यांना आपोआप मोकळी हवा मिळते. नगर शहरातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत वायफाय अडकतं हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना वरच्या मजल्यावर केबलने दुसरा राउटर देण्याला पर्याय नाही.

भिंतीत जाते ती केबल भरीव तारेची असते. राउटरपासून टीव्हीपर्यंत जी हलती, लवचिक केबल लागते तिला पॅच कॉर्ड म्हणतात, तिच्यात बारीक तारांचा जुडगा असतो. दोन्हींची कामं वेगळी. भिंतीतली केबल भिंतीवरच्या बॉक्समध्ये संपवा आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड वापरा. भरीव तारेच्या टोकाला क्लिप लावून ती टीव्हीमागे लोंबकळत ठेवली, की दर दिवाळीच्या साफसफाईला एक तार तुटते.

विजेच्या वायरिंगच्या पाइपातूनच नेटची केबल ओढायचा मोह होतो. ओढू नका. २३० व्होल्टच्या वायरचं आवरण सोललं गेलं तर तोच करंट राउटरपर्यंत येईल. पाइप वेगळा, निदान अर्धा फूट लांब, आणि जिथे ओलांडायचंय तिथे काटकोनात. केबल कोपऱ्यात मोडून बसवायची नाही, एक इंचाच्या गोलाईत वळवायची. पाइपात ओढणीसाठी एक जास्तीची दोरी ठेवून द्या. आणि प्लास्टर करायच्या आधी मोबाईलवर सगळ्या भिंतींचे फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना फार कामाला येतात.

क्लिप लावताना

इथे अर्धे मिस्त्री चुकतात. डावीकडून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिपची कडी खाली आणि सोन्याच्या पट्ट्या आपल्याकडे असताना. दोन्ही टोकांना हाच.

काही जण म्हणतात, दोन्हीकडे सारखा लावला की झालं, रंग कोणताही चालतो. आठ दिव्यांच्या टेस्टरवर एक ते आठ क्रमाने दिवे लागतातही. पण तीन आणि सहा नंबरची जोडी एकाच पिळातली हवी. मनाच्या क्रमाने लावलं तर जोडी दोन वेगवेगळ्या पिळांत फुटते, पीळ असून नसल्यासारखा होतो, आणि मग "दहा मीटरला चालतं, चाळीस मीटरला अडखळतं" असली तक्रार येते. टेस्टर ही चूक दाखवत नाही. तार सोडवतानाही अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उघडायचा नाही.

आणखी एक लक्षण लिहून ठेवा. प्लॅन २०० चा आहे आणि केबलवर स्पीड टेस्ट नेमकी ९४-९५ ला अडकते. दहादा करा, तेवढीच. बहुतेक जण नेटवाल्याला फोन करून भांडतात. पण १०० एमबीपीएसला फक्त केशरी आणि हिरवी या दोन जोड्या लागतात, १ जीबीपीएसला चारही. निळ्या किंवा तपकिरीतली एक तार नीट बसली नाही, तर यंत्र कुरकुर न करता १०० वर उतरतं. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० दिसतोय की १००० ते बघा. क्लिप बदलूनही १०० च राहिला तर राउटरचा पोर्ट बघा. फायबरच्या कनेक्शनबरोबर मिळणाऱ्या कितीतरी डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. आमच्याकडे भांडायला आलेल्या एका गिऱ्हाइकाचं काम मी केबल एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घालून केलं. पैसे मागायला लाज वाटली.

घराच्या बाहेर, वस्तीवर

आपल्या जिल्ह्यातला खरा प्रश्न इथे आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात लांब केबल वीस मीटरची. वस्तीवर घर एकीकडे, गोठा दुसरीकडे, कांदा चाळ तिसरीकडे, विहीर बांधाच्या पलीकडे.

पहिली गोष्ट, अंतर. तांब्याच्या नेट केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, त्यात दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून. ‘१२० ला पण चालते’ असं सांगणारे भेटतील. चालते, चांगल्या दिवशी. मी ८० च्या पुढे गेलो की दुसरा विचार करतो.

दुसरी, आवरण. घरातली राखाडी किंवा निळी केबल उन्हात दोन उन्हाळ्यांत खडूसारखी ठिसूळ होते. बाहेर काळ्या पॉलिथिलीनच्या आवरणाची आउटडोअर केबल घ्या. जमिनीतून न्यायची तर एचडीपीई पाइपात घालून. नुसती गाडू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते, केबल ताणून ताणून मारते. पाइप तर शेतकऱ्याकडे असतोच. टोकं बंद करा, नाहीतर उंदीर आत घर करतो. मोटारीच्या स्टार्टरच्या केबलशेजारून तर नेऊच नका.

तिसरी गोष्ट वीज, म्हणजे आकाशातली. वैशाखातला वळीव आला की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात जळालेल्या राउटरांची रांग लागते. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ताणलेली असेल, तर वीज जवळ कुठे पडली तरी त्या केबलमधून झटका दोन्ही टोकांच्या यंत्रांत शिरतो. वीज थेट केबलवर पडायची गरज नसते. फॉइलच्या आवरणाची शिल्डेड केबल घेतली की हे टळतं असा समज आहे. अर्थिंग नीट नसेल तर ते फॉइल नुसतं शोभेचं, आणि वस्तीवर अर्थिंग कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून घर ते गोठा ६०-७० मीटरच्या पुढे असेल, किंवा विजा जास्त पडणाऱ्या माळावर असाल, तर मी आता सरळ फायबर सुचवतो. घराला नेट ज्या बारीक काळ्या फायबरवरून येतं, तसलीच. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर. काच वीज वाहत नाही, आणि अंतर दोनशे मीटर असो की हजार, तिला फरक पडत नाही. तिच्यात आधारासाठी लोखंडी तार असते, तेवढी मात्र यंत्राच्या आधीच कापून वेगळी करायची. कन्व्हर्टरला गोठ्यात लाइट लागते, तिथे छोटा इन्व्हर्टर किंवा बॅटरी द्यावी लागते. लोडशेडिंग आणि बिबट्या दोघांचीही वेळ रात्रीचीच.

दुकानदार मंडळींसाठी

कोटेशनमध्ये ‘केबल ७० मीटर’ असं लिहू नका. ‘कॅट-६, शुद्ध तांबं, २३ गेज, आउटडोअर, ७० मीटर’ असं लिहा आणि बिलावरही तसंच उतरवा. तुमच्या समोरचं कोटेशन स्वस्त असेल, तर गिऱ्हाइकाला भाव कमी करून देण्याआधी एवढंच सांगा की त्यांच्याकडून ‘शुद्ध तांबं’ हे दोन शब्द लिहून आणा. मी काउंटरवर दोन तुकडे ठेवलेत, एक तांब्याचा, एक सीसीएचा, आणि शेजारी ब्लेड. गिऱ्हाईक स्वतः खरवडतो. दहातले सात मग भाव करत नाहीत. तीन जातात. त्यांतले एक-दोन वर्षभरात परत येतात, आणि त्यांना ‘सांगितलं होतं’ म्हणायचं नसतं.

कॅमेऱ्याचं काम दुपारी संपवून निघू नका. हँडओव्हर अंधार पडल्यावर. दिवे लागल्यावर कॅमेऱ्याकडच्या टोकाला मीटर लावा, आकडा वहीत लिहा, गिऱ्हाइकाला दाखवा, मग चहा.

तात्यांच्या गोठ्यावर ती दुसरी केबल अजून आहे. मागच्या पावसाळ्याआधी कांदा चाळीसाठी त्यांनी आणखी एक कॅमेरा सांगितला, तो १४० मीटरवर होता, तिथे फायबर टाकली. कोटेशन पुढे केलं तर त्यांनी चष्मा लावून फक्त एकच ओळ वाचली आणि विचारलं, "ह्याच्यात तांबं नाही म्हणता?" म्हटलं, नाही तात्या, ह्याच्यात काच आहे. "बरं. रात्री थांबणार ना तुम्ही?" थांबलो. साडेआठपर्यंत.